तारमास्तरांचा पेशकार

किशनराव बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नसत. मान थोडी डावीकडे कलती करून ते खाली फरशीकडे बघत, आणि समोरच्याला वाटे, यांचं आपल्याकडे लक्ष नाही. लक्ष पुरतं असे. बोलणं संपलं की ते मान सरळ करत आणि आपण जे बोललेलोच नसू त्याला उत्तर देत. परभणीच्या शाळेवर मी हजर झालो त्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "जेवण कुठं करायलाव, गुरुजी?" मी म्हणालो, "आहे सोय." ते जरा वेळ फरशीकडे बघत राहिले आणि मग आत वळून म्हणाले, "अगं, गुरुजीचं ताट वाढ. ह्यांची कुठंच सोय न्हाई."

त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी चार-पाच वेळा लिहायला बसलो आणि उठलो. त्यांच्या नोकरीच्या तारखा मला ठाऊक नाहीत. त्यांचं बालपण कसं गेलं हेही नीट माहीत नाही; बोरीकडच्या एका कुणबी घरातला मुलगा उर्दू शाळेत शिकला, कामापुरतं इंग्रजी उचलून तारखात्यात लागला, एवढंच. मला माहीत आहे ते इतकंच, की हा माणूस ऐकत कसा असे.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. मधे एक भिंत. निजामाचं संस्थान विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या शाळेचं माध्यम उर्दूचं मराठी झालं होतं आणि मला मराठी शिकवायला आणलं होतं. अर्धे मास्तर पोरांच्या बरोबरीनं बाराखडी गिरवत होते. किशनराव पोस्टात तारमास्तर होते. सगळं गाव त्यांना तारमास्तरच म्हणायचं. त्यांच्या टेबलावर तारेचं यंत्र, त्याच्यामागे एक रिकामा तंबाखूचा पत्र्याचा डबा, आवाज मोठा व्हावा म्हणून टेकवलेला. यंत्र कट्ट-कडकट्ट करत राही आणि किशनराव डाव्या हातानं चहाची बशी तोंडाला लावून उजव्या हातानं मजकूर उतरवत.

तारेवर पलीकडे कोण बसलंय ते त्यांना कळायचं. त्याला ते 'हात' म्हणत. "पूर्णेच्या माणसाचा हात जड हाय. नांदेडचा हात नाचरा, पण खरा." नांदेडच्या त्या माणसाशी ते अकरा वर्षं बोलत होते, म्हणजे कट्ट-कट्ट करत होते, तोंड पाहिलेलं नव्हतं. एकदा पूर्णा स्टेशनवर गाडीची वाट बघत ते चहाच्या दुकानात बसले होते. शेजारच्या टेबलावर एक टक्कल पडलेला गृहस्थ चहा यायला उशीर होतोय म्हणून बोटांनी टेबल वाजवत होता. किशनरावांनी मान कलती केली. मग उठले, त्याच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नांदेड?" तो दचकला. किशनरावांनी टेबलावर बोटांनीच आपलं नाव वाजवून दाखवलं, तेव्हा तो माणूस उठून गळ्यातच पडला. दोघांची गाडी चुकली. घरी उशिरा का आलात म्हणून काकूंनी विचारलं, तर म्हणाले, "दोस्त भेटला. अकरा वर्षांनी पहिल्यांदा."

काकू म्हणजे यमुनाबाई. चारठाण्याच्या. मूलबाळ नव्हतं. बोलणं कमी आणि हातात कायम काहीतरी निवडायला.

अशा कानाच्या माणसाला गाण्याचं वेड असणं ओघानंच आलं. ते मात्र घराण्यांची नावं घेत नसत, राग ओळखून दाखवत नसत. तरुणपणी हैदराबादला तारेचं शिकायला होते, तेव्हा कुणा जहागीरदाराकडच्या लग्नात कनातीच्या बाहेर उभं राहून त्यांनी एका बाईचं गाणं ऐकलं होतं. बाई दिसल्या नाहीत. शब्दही फारसे कळले नाहीत. पण बाई श्वास घ्यायच्या तेव्हा मागं तंबोरा उघडा पडायचा, आणि त्याची जवारी, म्हणजे तारांमधून निघणारी ती बारीक रेशमी झणझण, कनातीच्या कापडातून बाहेर यायची. "गाणं आत बसलेल्यांचं होतं, गुरुजी. ती झणझण आमची, बाहेरच्यांची."

त्याच बाईंची यमनाची एक रेकॉर्ड त्यांना पुढे हैदराबादच्या जुमेरात बाजारात, जुन्या सामानाच्या ढिगात मिळाली. चावीच्या फोनोवर ती लावली, तर बाईंचा आवाज भोंग्यातून यावा तसा आला आणि तंबोरा आलाच नाही. किशनरावांचं म्हणणं, तो रेकॉर्डीत आहे. गाणारणीच्या मागे तंबोरा होता म्हणजे मेणावर उमटलाच असणार. "हाय तिथंच. फक्त कुणी त्याला आत येऊ दिलं न्हाई." ती झणझण आपल्या घरात एकदा यावी, एवढी एकच इच्छा मी त्यांच्या तोंडून ऐकली. बदली, बढती, जमीन, यांतलं काही त्यांनी कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

गावात वीज होती आणि त्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. रेडिओच्या पाठीमागे दोन भोकं होती. तिथे फोनोला विजेचा पिकअप बसवून त्याची वायर जोडली की रेकॉर्ड रेडिओतून वाजे. पण सुईपासून निघणारा आवाज फार क्षीण. तो तसाच रेडिओत सोडला तर सोबत घरघर आणि गुणगुणच जास्त यायची. मधे एक पेटी पाहिजे होती, जी तो क्षीण आवाज आधी हाती घेईल, निवडेल, वाढवेल, आणि मग रेडिओपुढे ठेवेल. अशी पेटी तयार मिळत नव्हती. म्हणून किशनरावांनी ती स्वतः करायला घेतली.

तिला त्यांनी नाव दिलं पेशकार. निजामी कचेरीत साहेबापुढे कागद मांडणारा कारकून तो पेशकार. "रेडिओ म्हणजे कलेक्टर," त्यांनी मला समजावलं. "गरिबाची अर्जी सरळ त्याच्यापुढं टाकली तर तो वाचत न्हाई. पेशकारानं आधी ती नीट लावून द्यायची. आन् पेशकार चांगला कोणता? जो आपल्या पदरचं एक अक्षर घालत न्हाई."

पेटी करायला वर्ष लागलं. लष्कराच्या मोडीतला एक व्हॉल्व्ह जुमेरात बाजारातून आला. सांगाडा गोड्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा. कंडेन्सर, रेझिस्टन्स कुठल्या कुठल्या मेलेल्या रेडिओंच्या पोटातून काढलेले. तारा सांधायला डाख द्यायचं तांबं काकूंच्या शेगडीत तापायचं. भाकरी उलटायची आणि तांबं उचलायचं असं दोघांचं आळीपाळीनं चाले. "पहिलं माझं," काकू म्हणत. "तुमच्या त्या पेटीला भूक न्हाई."

पेटीचा नकाशा त्यांनी शाळेच्या वहीच्या कागदावर काढला होता. परभणीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं तो हातात घेऊन उभा धरला, आडवा धरला आणि परत दिला. नावं उर्दूत होती, ते तर होतंच. पण अख्खा नकाशाच उजवीकडून डावीकडे काढलेला होता. आवाज उजव्या हाताला आत शिरायचा आणि डाव्या हाताला बाहेर पडायचा. किशनरावांना यात काही वावगं वाटलं नाही. "मग काय डावीकडून वाचू?" पेटीवरची बटणंही तशीच बसली. सगळ्यांत उजवीकडे खर्ज, म्हणजे जाड आवाजाचं, मग तीव्र, म्हणजे बारीक आवाजाचं, आणि आवाज लहानमोठा करायचं बटण डाव्या टोकाला. पाहुणे नेमकं चुकीचं बटण पिळायचे.

पेटी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा तिच्यातून नुसती गुणगुण निघाली. जाड, एकसुरी, भुंग्यासारखी. आठ दिवस ते त्या गुणगुणीमागे लागले. तारा एकमेकींना पीळ देऊन बांधल्या, पत्र्याची भिंत मधे उभी केली. गुणगुण निम्मी झाली, पण गेली नाही. मग एक गंमत लक्षात आली. सकाळी ती जवळजवळ ऐकू येत नसे, दुपारपासून वाढत जाई. किशनराव वहीत वेळा लिहून ठेवू लागले. तीन दिवसांची टिपणं पाहून एकदम उठले आणि अंगणात गेले. पेटीची जमिनीत जाणारी तार त्यांनी तुळशीजवळच्या मातीत गाडली होती. काकू सकाळी तुळशीला पाणी घालायच्या. माती ओली असेतो गुणगुण गप्प, माती सुकली की परत चालू. त्या दिवसापासून काकूंनी संध्याकाळीही एक तांब्या घालायचा असं ठरलं. हकीमसाहेबांनी एकदा विचारलं, "भाभी, दोन वेळा पूजा?" काकू म्हणाल्या, "एक देवाची, एक ह्यांच्या पेटीची."

हकीमसाहेब म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले युनानी वैद्य. ते, शेषराव वकील आणि मी, असे आम्ही तिघे दर गुरुवारी दिवेलागणीला किशनरावांकडे जमत असू. चटईवर बसायचं, काकूंचा चहा घ्यायचा, चार-पाच रेकॉर्डी ऐकायच्या आणि जेवायच्या आत घरी जायचं. सुरुवातीच्या त्या गुरुवारांइतकं सुख मला पुढे फार थोड्या ठिकाणी मिळालं. किशनराव त्या वेळी लोखंडी सुई वापरत नसत. काकूंचे भाऊ मुंजाजी चारठाण्याहून बाभळीचे वाळवलेले काटे आणून देत, तेच ते सुईच्या जागी लावत. दर रेकॉर्डीला नवा काटा. आवाज मऊ यायचा, अंगावर शाल घातल्यासारखा.

इथे आमच्या मंडळींच्या एका रीतीबद्दल सांगायला हवं. किशनराव, हकीमसाहेब, वकील, सगळे हैदराबादी अदबीत वाढलेले. यजमानाच्या घरात उणं काढायचं नाही हा त्यांच्या हाडीमासी खिळलेला नियम होता. एकदा काकूंच्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं. वकिलांनी पहिला घोट घेतला आणि "वा" म्हणाले. हकीमसाहेबांनी "क्या चाय है भाभी" म्हणत बशी संपवली. मी नवखा, पण बघून बघून मीही प्यालो. शेवटी काकूंनी स्वतः घोट घेतला आणि धावत मोरीकडे गेल्या. परत येऊन त्यांनी तिघांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते. "तुमाला जीभ हाय का न्हाई?" हकीमसाहेब हात जोडून म्हणाले, "है, भाभी. लेकिन आपके घर में है."

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला किशनराव म्हणू लागले, की आवाज कोंदतोय. आम्हाला काही कोंदलेलं वाटत नव्हतं. पण कान त्यांचा, आम्ही काय बोलणार. त्यांनी बाभळीचा काटा बंद केला आणि लोखंडी सुई लावली. तीव्राचं बटण थोडं पुढे नेलं. मग एक कंडेन्सर बदलला. मग पुन्हा एक. दर गुरुवारी ते आशेनं विचारत, "आज कसा वाटतोय?" आणि दर गुरुवारी आम्ही "वा" म्हणत असू. खरं सांगायचं तर दर गुरुवारी आवाज अधिक बोचरा होत होता. रेकॉर्डीची खरखर कढईत मोहरी तडतडावी तशी अंगावर येई, आणि बाईंच्या वरच्या सुरांनी दातात कळ जाई. वकील डोळे मिटून घेत. आम्हाला वाटे तल्लीन झाले आहेत. पौष गेला, माघ गेला. हकीमसाहेब एकदा माझ्याबरोबर गल्लीतून चालताना हळूच म्हणाले, "गुरुजी, आपल्याला पण…?" मी म्हणालो, "हो." पुढच्या गुरुवारी दोघेही वेळेवर हजर होतो.

किशनराव मात्र खंगल्यासारखे दिसू लागले होते. "जवळ आलीय, गुरुजी," ते म्हणत. "बस, एक पडदा राहिलाय." आणि बटण आणखी पुढे जाई.

चैत्रात मुंजाजी आले. जिंतूरच्या गाडीनं, डोक्याला मुंडासं, खांद्यावर पिशवी, पिशवीत बहिणीसाठी हुरड्याचं वाळवण आणि मेव्हण्यासाठी काट्यांची पुडी. गुरुवार होता. ते आमच्यात येऊन बसले, सगळ्यांना रामराम केला. किशनरावांनी यमन लावला. पहिली तान वर गेली आणि मुंजाजींनी दोन्ही तळवे कानांवर ठेवले.

"दाजी, बंद करा की ते! कानात सुई घातल्यावानी व्हायलंय."

हकीमसाहेब सावरत म्हणाले, "मुंजाजी, ये नई चीज है. सवय लागते."

"कशाची सवय? लय टोचायलंय. आन् माझे काटे कुठं हायेत? हे लोखंड कुणी लावलं?" मग त्यांची नजर दारात बसलेल्या बहिणीकडे गेली. "आन् आक्का, तू उन्हाळ्याचा कानात कापूस घालून का बसलीस?"

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. काकूंनी पदर पुढे ओढला, पण दोन्ही कानांतले पांढरे बोळे दिसायचे ते दिसले. बाहेर चांगलं उकडत होतं.

किशनरावांनी सुई उचलली. रेकॉर्ड तशीच फिरत राहिली. त्यांनी हकीमसाहेबांकडे पाहिलं, वकिलांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते माणसांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी माझ्याकडे वळले.

"गुरुजी, खरं हाय?"

"थोडं… बोचतं," मी म्हणालो.

"कधीपासून?"

मी खाली पाहिलं. "दिवाळीपासून."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तुमी तरी सांगायचं." आणि पेशकारावर फडकं टाकलं. आम्ही चपला घालून निघालो. पुढच्या गुरुवारी कुणी गेलं नाही. शरमेनं गेलं नाही.

त्या दहा दिवसांत त्यांनी पेटी तीनदा उकलली. भिंतीपलीकडून मला पकडीचे आवाज ऐकू येत. एकेक भाग काढून मोजला, पुसला, परत बसवला. दोष सापडेना. काकू पाणी भरताना मला म्हणाल्या, "गुरुजी, पेटीत काय निघतंय ते निघू द्या. मला दुसरंच भ्या वाटायलंय. तारमास्तराचा कान गेला तर मागं राहतंय काय?" दोष पेटीत नाही, कानात आहे, हे काकूंना कधीच कळलं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आणि बोचतंय असं न सांगता त्यांनी कापूस का घातला होता तेही.

रविवारी सकाळी मी धीर करून गेलो. किशनराव उकललेल्या पेटीसमोर बसले होते. भिंतीवरच्या तसबिरीमागे चिमण्यांनी घरटं केलं होतं आणि पिल्लांनी नुसता कालवा मांडला होता. काकू आतून म्हणाल्या, "सकाळधरनं नुसती ओरडायलीत. आई कुठं गेली काय की."

"कोण ओरडायलंय?" किशनरावांनी विचारलं.

काकू दाराशी येऊन थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. पण या वेळी गप्प राहणं अदबीचं नव्हतं, भीतीचं होतं.

"पिल्लं," काकू म्हणाल्या.

किशनरावांनी मान डावीकडे कलती केली. मग त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि तसबिरीच्या मागे डोकावले. मी खालून बघत होतो. चार एवढीएवढीशी पिवळी तोंडं त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर उघडत होती, मिटत होती, जिवाच्या आकांतानं ओरडत होती. किशनराव त्यांच्याकडे मुक्या खिडकीतून बघावं तसे बघत होते.

ते खाली उतरले. स्टूल जागेवर ठेवलं.

"तोंडं तर चांगली उघडी हायेत," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "म्हंजे पेशकार बरोबर हाय."

मग त्यांनी टोपी घातली आणि रविवार असून पोस्टाकडे गेले. दीड तासानं परत आले ते हसत. नांदेडच्या दोस्ताला तारेवर बोलावून त्यांनी जमेल तितक्या भरभर काहीही वाजव म्हणून सांगितलं होतं. एक अक्षर चुकलं नव्हतं. "कट्ट-कट्ट सगळं येतंय. वरचं तेवढं गेलंय, बारीक बारीक. खालचा मजला शाबूत हाय." काकू आत गेल्या, आणि त्या दिवशी त्यांनी पुरण घातलं.

हकीमसाहेब त्याच संध्याकाळी आले. बदामतेलाची बाटली आणली होती, पण ती खिशातून काढली नाही. कान बघितले, नाडी बघितली आणि म्हणाले, "किशनराव, उमर की बात है. इसका इलाज नहीं." किशनरावांनी त्यांचा हात हातात घेतला. "हकीमसाब, माझ्या घरात आज तुमी पहिल्यांदा खरं बोललाव. चहा घ्या." हकीमसाहेबांचे डोळे भरून आले. पण चहाचा घोट घेताच ते सवयीनं "वा" म्हणालेच, आणि मग सगळेच हसलो.

आता पेटी पुन्हा लावायची होती, आणि लावायला कान नव्हता. किशनरावांनी काकूंना चटईवर बसवलं. काकू लाजल्या. "मला काय कळतंय गाण्यातलं?"

"गाणं नको ऐकू. बोचलं की बोट वर कर."

जुने कंडेन्सर परत बसले, मुंजाजींचा काटा लागला. किशनराव तीव्राचं बटण हळूहळू मागे नेऊ लागले, काकूंचं बोट वरच. आणखी मागे. आणखी. दिवाळीच्या अगोदरच्या जागी बटण आलं तेव्हा बोट खाली आलं.

"आता?"

"आता बरं हाय. पहिल्यासारखं." मग त्या थोडं ऐकून म्हणाल्या, "आता ते मागचं बी ऐकू यायलंय."

"मागचं काय?"

"बाई दम घेती तवा मागं चालतंय ते. मुंग्यांची रांग चालल्यासारखं. झणझण झणझण." काकूंनी बोटं हवेत हलवून दाखवली. "मदी सहा महिने त्या खरखरीत बुडालं होतं."

किशनराव बटणावर हात ठेवून तसेच उभे राहिले. "हे तुला पहिल्यापासून ऐकू यायचं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुमी कधी विचारलं?" काकू म्हणाल्या. "तुमी दर गुरुवारी ह्या तिघांला विचारायचे."

आम्ही तिघं बाईंच्या तानेतच अडकलेले, मागचं ऐकायचं आम्हाला सुचलं नव्हतं. किशनराव खळखळून हसले. इतके, की चिमणी उडून गेली. ज्या झणझणीसाठी त्यांनी वर्षभर डाख दिला होता ती कधीच घरात येऊन बसली होती. त्यांना ती आता कधी ऐकू येणार नव्हती, हेही त्याच घटकेला त्यांना कळलं असणार. पण मी त्यांच्याकडे नीट बघत होतो आणि मला त्यांच्या तोंडावर हरल्याची खूण दिसली नाही. उलट कुणाचा तरी निरोप बिनचूक पोचता केल्यावर पोस्टात त्यांचा चेहरा दिसे, तसा तो दिसला.

पुढे त्यांनी पेटीला एक खटका बसवला. एका बाजूला उर्दूत 'महफिल' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'खुद'. महफिल म्हणजे काकूंनी लावून दिलेला आवाज. खुद म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कानाला पोचेल असा, बोचरा. खुदची बाजू चालू असताना मी एकदाही पाहिली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लावून बघितली. आवाज येतोय, पण एकटाच येतोय. जाऊ द्या."

गुरुवार पुन्हा सुरू झाले. नवा नियम असा, की काकूंनी मान हलवल्याशिवाय कुणी वा म्हणायचं नाही. वकिलांना तो जमला. हकीमसाहेबांना फार जड गेला. ते तोंडावर रुमाल धरून बसत. आणि काकू, ज्या दारात बसत असत, त्या आता चटईच्या मधोमध बसू लागल्या. एखादी रेकॉर्ड त्यांना आवडली नाही तर सरळ "काढा" म्हणत. किशनराव काढत.

दोन वर्षांनी माझी बदली औरंगाबादकडे झाली. निघायच्या दिवशी दुपारी सामान टांग्यात चढवून मी निरोप घ्यायला त्यांच्या दाराशी गेलो. दार अर्धं उघडं होतं. आत यमन चालू होता. किशनराव पेशकाराकडे पाठ करून बसले होते. मान कलती नव्हती, नजर फरशीवर नव्हती. समोर काकू सुपात तूर निवडत होत्या आणि ते त्यांच्या हाताकडे टक लावून बघत होते. बाईंची तान खाली आली, बाईंनी श्वास घेतला, आणि काकूंचा हात सुपात थांबला. किशनरावांनी डोळे मिटले आणि अगदी हळू मान हलवली.

मी हाक मारली नाही. टांगेवाल्याला थांबायची खूण केली आणि रेकॉर्ड संपेपर्यंत दारातच उभा राहिलो.